परागंदा विरोधक आणि त्यांना आश्रय देणारे देश

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

हाँगकाँगच्या पोलिसांनी ३ जुलै २०२३ रोजी परदेशांत राहणाऱ्या आठ जणांच्या अटकेस उपयोगी पडेल अशी माहिती देणाऱ्याला प्रत्येकी दहा लाख हाँगकाँग डॉलरचे, म्हणजे आपल्या चलनात सुमारे एक कोटी रुपयांचे, इनाम जाहीर केले. या आठांत कोणी खुनी नव्हता, दरोडेखोर नव्हता किंवा बँक बुडवून पळालेलाही नव्हता. नेथन लॉ, टेड हुई आणि डेनिस क्वोक हे तेथील विधिमंडळाचे माजी सदस्य, केव्हिन याम हे ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व असलेले वकील, मंग सिउ-टाट हे कामगार चळवळीतले कार्यकर्ते, तर ॲना क्वोक ही अमेरिकेत राहून हाँगकाँगच्या लोकशाहीसाठी काम करणारी तरुणी. परकी सरकारांनी चीनवर निर्बंध घालावेत अशी मागणी करणे आणि सरकारविरुद्ध लोकांना चिथावणे, असे त्यांच्यावरचे आरोप आहेत. या सर्वांचा आयुष्यभर पाठलाग केला जाईल, असे हाँगकाँगचे मुख्य प्रशासक जॉन ली यांनी जाहीरपणे सांगितले. त्यानंतर डिसेंबर २०२३, डिसेंबर २०२४ आणि जुलै २०२५ मध्ये या यादीत आणखी नावे घातली गेली. मराठी वृत्तपत्रांत या घटनांची दखल फारशी घेतली गेली नाही, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

परदेशात आश्रय घेतलेल्या विरोधकांची गळचेपी म्हटली, की बहुतेकांना जमाल खशोगी आठवतात. २ ऑक्टोबर २०१८ रोजी हा सौदी पत्रकार लग्नासाठी लागणारा एक कागद घेण्याकरिता इस्तंबूलमधील आपल्याच देशाच्या वकिलातीत गेला, त्याची नियोजित वधू बाहेर वाट पाहत थांबली आणि तो पुन्हा बाहेर आलाच नाही. सौदी अरेबियाहून आलेल्या पथकाने त्याला आतच ठार केले आणि त्याचा मृतदेह आजतागायत सापडलेला नाही. हे प्रकरण जगाच्या स्मरणात राहिले ते योग्यच झाले. मात्र खून हा या गळचेपीचा तुलनेने दुर्मीळ प्रकार आहे, आणि केवळ खुनांकडेच पाहत राहिलो तर कागदोपत्री, रोजच्या रोज आणि बिनबोभाट चालणारा मोठा भाग नजरेआड होतो. ‘फ्रीडम हाउस’ या अमेरिकी संस्थेने २०१४ ते २०२४ या काळात परदेशस्थ विरोधकांवर झालेल्या प्रत्यक्ष शारीरिक कारवाईच्या १,२१९ घटनांची नोंद केली आहे. त्यांमागे ४८ देशांची सरकारे आहेत आणि त्या १०३ देशांत घडल्या आहेत. यांत मोठा वाटा अटकेचा आणि हद्दपारीचा आहे. आता अटक किंवा हद्दपारी ही दुसऱ्या देशाचे सरकार येऊन करू शकत नाही. ती यजमान देशाचे पोलीस, त्याचे विमानतळावरचे अधिकारी आणि त्याची न्यायालयेच करतात. माझे म्हणणे एवढेच आहे, की हुकूमशाही सरकारांचा हात परदेशात पोहोचतो तो बहुतेक वेळा यजमान देशाच्या एखाद्या कचेरीने, कधी बेफिकिरीने तर कधी व्यापाराच्या लोभाने, वाट मोकळी करून दिल्यामुळे. म्हणून या विषयात हुकूमशहांचा निषेध करून थांबता येत नाही. आश्रय देणाऱ्या देशांना आणि त्यांत आपल्या देशालाही जाब विचारावा लागतो.

हाँगकाँगची पद्धत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ती पूर्णपणे कायद्याच्या भाषेत चालते. ३० जून २०२० रोजी बीजिंगने हाँगकाँगवर लादलेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचे अडतिसावे कलम असे आहे, की हाँगकाँगचा रहिवासी नसलेल्या माणसाने हाँगकाँगबाहेर केलेले कृत्यही त्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. म्हणजे शब्दशः वाचले, तर पुण्यात बसून लिहिलेला लेखही त्याच्या कक्षेत येतो. मार्च २०२४ मध्ये हाँगकाँगच्या विधिमंडळाने त्याला जोड म्हणून आणखी एक कायदा संमत केला. त्यानुसार ‘फरारी’ घोषित केलेल्या व्यक्तीचा पासपोर्ट रद्द करता येतो, तिच्याशी पैशाचा कोणताही व्यवहार करणे किंवा तिला घर भाड्याने देणे हा गुन्हा ठरतो आणि वकील असल्यास तिची सनदही निलंबित करता येते. जून २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये असलेल्या सहा जणांचे पासपोर्ट याच कायद्याखाली रद्द झाले. ज्याचा पासपोर्ट रद्द होतो त्याला परदेशात बँकेत खाते उघडताना, नोकरी बदलताना, घर भाड्याने घेताना, लग्नाची नोंदणी करताना पावलोपावली अडचण येते, आणि यासाठी त्याच्या अंगाला कोणी हात लावण्याची गरज पडत नाही. बेलारूसच्या राजवटीने तर सप्टेंबर २०२३ मध्ये एका हुकमाने आपल्या सर्वच परदेशी वकिलातींना नागरिकांच्या पासपोर्टचे नूतनीकरण करण्यास मनाई केली. नवा पासपोर्ट हवा असेल तर मायदेशी या, एवढाच त्याचा अर्थ, आणि मायदेशी परतल्यावर काय होते हे तुरुंगात असलेल्यांच्या नातेवाइकांना विचारावे लागत नाही.

पासपोर्टपेक्षा अधिक परिणामकारक साधन म्हणजे मागे राहिलेली माणसे. इनाम जाहीर झाल्यावर काही दिवसांतच हाँगकाँगचे पोलीस नेथन लॉ यांच्या आईवडिलांच्या आणि भावाच्या दारात उभे राहिले व चौकशीसाठी त्यांना घेऊन गेले. ॲना क्वोक आणि डेनिस क्वोक यांच्या घरच्यांचीही तशीच चौकशी झाली. मे २०२५ मध्ये ॲना क्वोकच्या वडिलांवर प्रत्यक्ष खटला दाखल झाला. इनाम लागलेल्या व्यक्तीच्या कुटुंबीयावर असा खटला भरण्याची ही पहिलीच वेळ होती. आरोप काय, तर मुलगी लहान असताना तिच्या नावे काढलेल्या विमा पॉलिसीतली रक्कम त्यांनी काढण्याचा प्रयत्न केला. मुलीच्या भविष्यासाठी पॉलिसी काढणारे लाखो बाप आपल्याकडे आहेत. अशा बापाने हप्ते भरलेल्या पॉलिसीचे पैसे मागणे हा राष्ट्रीय सुरक्षेला धोका ठरवला जातो, तेव्हा शिक्षा त्या वृद्धाला होत असली तरी इशारा वॉशिंग्टनमधल्या मुलीला आणि तिच्यासारख्या इतर सर्वांना असतो.

नेथन लॉ यांनी हे सर्व आधीच ओळखले होते. २०१६ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी निवडून आलेला, शपथेच्या वादावरून अपात्र ठरवला गेलेला आणि नंतर तुरुंगही पाहिलेला हा तरुण २०२० मध्ये हाँगकाँग सोडून गेला, आणि त्याच महिन्याभरात आपण घरच्यांशी सर्व संबंध तोडत आहोत असे त्याने जाहीर केले. एखाद्या मुलाला आईवडिलांचे रक्षण करण्यासाठी त्यांच्याशी नातेच नाही असे जगाला सांगावे लागते, आणि तरीही तीन वर्षांनी पोलीस त्यांच्या दारात येतातच. इराणच्या मसीह अलीनेजाद यांच्या बाबतीत हेच अधिक क्रूरपणे घडले. हिजाबसक्तीविरुद्ध लिहिणाऱ्या या पत्रकार बाई न्यूयॉर्कमध्ये राहतात. त्यांच्या बहिणीला सरकारी दूरचित्रवाणीवर आणून त्यांचा जाहीर धिक्कार करायला लावले गेले आणि त्यांच्या भावाला आठ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. पुढे त्यांना ब्रुकलिनमधून पळवून नेण्याचा कट अमेरिकी यंत्रणेने २०२१ मध्ये उघड केला. २०२२ मध्ये त्यांच्या घराभोवती घुटमळणाऱ्या एका माणसाच्या गाडीत भरलेली एके-४७ बंदूक सापडली. चीनमधील उइघुर मुसलमानांची स्थिती तर अशी आहे, की परदेशी असलेल्या मुलाचा फोन उचलणे हेच घरच्यांसाठी संकट ठरू शकते. त्यामुळे अनेक घरांत आईवडिलांनीच मुलांना ‘पुन्हा फोन करू नकोस’ असे सांगितले. मर्तिकाला जाता येत नाही, आजारपण कळत नाही आणि कळले तर ते कळवणाऱ्याचे काय झाले असेल याची धास्ती लागते. परदेशात मुलेबाळे असलेल्या मराठी घरांना रोजच्या व्हिडिओ कॉलचे मोल चांगले ठाऊक आहे. तो कॉल हेच ज्यांच्याविरुद्धचे हत्यार झाले आहे, त्यांची अवस्था आपल्याला समजायला अवघड जाऊ नये.

हुकूमशाही सरकारे परदेशात गेलेल्या चार-दोन माणसांना इतकी का घाबरतात, असा प्रश्न कोणी विचारेल. पूर्वी परागंदा माणूस मायदेशापासून खरोखरच तुटत असे. त्याचे पत्रक बोटीने, चोरून, महिन्यांनी पोहोचायचे. आता तो पॅरिस किंवा वॉर्सात बसून काही मिनिटांत मायदेशातल्या लाखो मोबाइलवर पोहोचतो. रुहोल्ला झम या इराणी पत्रकाराने फ्रान्समधून चालवलेल्या टेलिग्राम वाहिनीचे दहा लाखांहून अधिक वाचक होते आणि २०१७ च्या अखेरीस इराणात उसळलेल्या आंदोलनाच्या बातम्या व वेळापत्रके तिच्यावरून फिरत होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याला भुलवून इराकमध्ये नेण्यात आले, तेथून तो इराणच्या ताब्यात गेला आणि १२ डिसेंबर २०२० रोजी त्याला फाशी देण्यात आली. बेलारूसच्या रामान प्रातासेविच या तरुणाचीही ओळख टेलिग्राम वाहिनीमुळेच झाली होती. २३ मे २०२१ रोजी अथेन्सहून विल्नियसला जाणारे त्याचे प्रवासी विमान बॉम्बची खोटी सूचना देऊन आणि लढाऊ विमान पाठवून मिन्स्कला उतरवले गेले व त्याला अटक झाली. एका माणसासाठी युरोपातले प्रवासी विमान अडवण्याची जोखीम एखादी राजवट घेते, यावरून तिला त्या माणसाच्या लेखणीची किती धास्ती वाटते हे दिसते.

आता यजमान देशांकडे वळतो. हकीम अल्-अराइबी या बहारीनच्या फुटबॉलपटूचे प्रकरण या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारे आहे. बहारीनमधील छळातून सुटून तो ऑस्ट्रेलियात आला, तेथे त्याला रीतसर निर्वासिताचा दर्जा मिळाला आणि तो मेलबर्नच्या एका क्लबकडून खेळू लागला. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो पत्नीसह मधुचंद्रासाठी बँकॉकला उतरला आणि विमानतळावरच पकडला गेला, कारण बहारीनच्या मागणीवरून इंटरपोलने, म्हणजे देशोदेशींच्या पोलिसांत समन्वय साधणाऱ्या संघटनेने, त्याच्या नावे रेड नोटीस, म्हणजे सापडताच ताब्यात घेण्याची विनंती, काढलेली होती. ज्याला एखाद्या देशाच्या छळामुळे निर्वासित मानले आहे, त्याच्याविरुद्ध त्याच देशाच्या सांगण्यावरून नोटीस काढायची नाही, असा इंटरपोलचा स्वतःचाच नियम आहे. राजकीय स्वरूपाच्या प्रकरणांत पडायचे नाही, हे तर तिच्या घटनेच्या तिसऱ्या कलमातच लिहिलेले आहे. तरीही नोटीस निघाली. आणि तो बँकॉकला येत आहे हे थायलंडला कोणी कळवले? ज्या देशाने त्याला आश्रय दिला होता, त्या ऑस्ट्रेलियाच्याच पोलिसांच्या इंटरपोल कक्षाने. एका खात्याने त्याला निर्वासित म्हणून स्वीकारले होते आणि दुसऱ्या खात्याला त्याचा पत्ताच नव्हता. नोटीस काही दिवसांत मागे घेतली गेली, पण थायलंडने त्याला तरीही कोठडीतच ठेवले, आणि पायांत बेड्या घालून न्यायालयात आणलेल्या या खेळाडूची छायाचित्रे जगभर छापून आली तेव्हा कोठे जगातले फुटबॉलपटू, त्यांच्या संघटना आणि ऑस्ट्रेलियाचे सरकार एकत्र येऊन ११ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याची सुटका झाली. तो खेळाडू नसता, एखादा साधा शिंपी किंवा शिक्षक असता, तर त्याच्यासाठी इतके लोक उठले असते का, याची मला शंका आहे.

मराठी वाचकाला याचे जुने उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून निसटून विनायक दामोदर सावरकर फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले, तेव्हा त्यांना पकडून पुन्हा बोटीवर ब्रिटिश पहारेकऱ्यांच्या हवाली करणारा माणूस फ्रेंच शिपाई होता. त्याने हे प्रत्यार्पणाच्या कोणत्याही प्रक्रियेविना, काही मिनिटांत केले. फ्रान्सने नंतर त्यांना परत मागितले, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने, या सोपवण्यात अनियमितता झाली हे मान्य करूनही, कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असे ठरवले. सावरकरांच्या राजकारणाविषयी मराठी वाचकांत टोकाचे मतभेद आहेत आणि ते राहणारच. परंतु आश्रयाचा हक्क एका बंदरावरच्या शिपायाच्या गैरसमजाने बुडू शकतो आणि एकदा बुडाला की मोठमोठे न्यायाधीशही तो वर काढू शकत नाहीत, हा त्या निवाड्याचा धडा कोणत्याही पक्षाचा नाही. १९१० च्याच एप्रिलमध्ये अरविंद घोष फ्रान्सच्याच ताब्यातल्या पाँडिचेरीत पोहोचले होते. तेथे ब्रिटिशांच्या हेरांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षे पाळत ठेवली, पण फ्रेंच प्रशासनाने त्यांना ब्रिटिशांच्या स्वाधीन केले नाही. देश एक, साल एक आणि परिणाम इतके वेगळे. त्या काळी लंडनच्या, पॅरिसच्या आणि बर्लिनच्या आश्रयाने आपल्या स्वातंत्र्याची चळवळ जगली, याची जाणीव असलेल्या समाजाने आजच्या परागंदा माणसांकडे परके म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते.

दुर्दैवाने आपल्या सरकारचे वर्तन या बाबतीत नेहमीच ठाम राहिलेले नाही. एप्रिल २०१६ मध्ये धरमशाला येथे एका परिषदेसाठी येऊ इच्छिणाऱ्या डोल्कुन इसा या उइघुर नेत्याला भारताने प्रथम व्हिसा दिला, चीनने आक्षेप घेतला आणि काही दिवसांत तो रद्द केला. कारण सांगितले गेले ते इंटरपोलच्या रेड नोटिशीचे. इसा तेव्हा जर्मनीचे नागरिक होते आणि जर्मनीने त्या नोटिशीवर त्यांना कधी चीनच्या हवाली केले नव्हते. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये इंटरपोलने ती नोटीस काढून टाकली. म्हणजे ज्या कागदाच्या आधारे आपण एका माणसाला दारातून परत पाठवले, तो कागद त्या संस्थेलाच टिकवता आला नाही. याच परिषदेसाठी निघालेल्या चीनमधील १९८९ च्या तियानमेन लोकशाही चळवळीतील एका कार्यकर्तीला आणि हाँगकाँगच्या एका तरुण कार्यकर्त्यालाही तेव्हा कागदपत्रांतील त्रुटींची कारणे देऊन व्हिसा नाकारला गेला.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आजवर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तरी आपण तिबेटी लोकांना साठ वर्षांहून अधिक काळ आश्रय दिला आहे आणि त्याचा मला सार्थ अभिमान वाटतो. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे आणि थंडीच्या दिवसांत गावोगावी स्वेटर विकणारी तिबेटी कुटुंबे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. त्या दुकानात आपण भावाची घासाघीस करतो, पण समोरच्या बाईंना ल्हासाकडच्या आपल्या भावंडांशी मोकळेपणाने बोलता येते का, हे आपण सहसा विचारत नाही. भारतातल्या नातेवाइकांशी संपर्क ठेवल्याबद्दल तिबेटमध्ये लोकांची चौकशी होते आणि काहींना शिक्षाही होते, हे मानवी हक्क संघटनांनी वारंवार नोंदवले आहे. या लोकांचे येथील वास्तव्य कायद्याने दिलेल्या हक्कावर नव्हे, तर सरकारच्या धोरणावर आणि वेळोवेळी नूतनीकरण कराव्या लागणाऱ्या नोंदणी प्रमाणपत्रावर अवलंबून आहे. धोरण उदार आहे तोवर ठीक. शेजारी देशाशी संबंध सुधारण्याची निकड लागेल तेव्हा ते तसेच राहील याची हमी कोणताही कायदा देत नाही.

या विषयावर लिहिताना आपल्या देशावर झालेले आरोप टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. जून २०२३ मध्ये कॅनडात हरदीपसिंग निज्जर या खलिस्तानवादी नेत्याचा खून झाला आणि त्यामागे भारत सरकारचे हस्तक असल्याचा आरोप कॅनडाच्या तत्कालीन पंतप्रधानांनी सप्टेंबरमध्ये संसदेत केला. भारताने तो ठामपणे फेटाळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी अभियोक्त्यांनी न्यूयॉर्कमधील एका खलिस्तानवादी नेत्याच्या हत्येच्या कटाबाबत आरोपपत्र मांडले. या बाबतीत भारताने चौकशी समिती नेमली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या समितीने एका व्यक्तीविरुद्ध कायदेशीर कारवाईची शिफारस केल्याचे सरकारने जाहीर केले. एअर इंडियाच्या कनिष्क विमानातील बॉम्बस्फोटात १९८५ साली ३२९ माणसे मारली गेली आणि त्या कटाचा तपास कॅनडाने कसा हाताळला, हे आपण विसरलेलो नाही. हिंसाचाराला चिथावणी देणाऱ्यांना तेथे मिळणाऱ्या मोकळिकीबद्दलचा आपला संतापही रास्त आहे. पण नेमक्या याच कारणासाठी आपली वागणूक नि:संशय स्वच्छ असायला हवी. प्रत्येक हुकूमशाही सरकार आपल्या विरोधकाला दहशतवादीच म्हणते. चीन डोल्कुन इसांना म्हणत होता, बेलारूसने प्रातासेविचचे नाव अधिकृत यादीतच घातले होते. खरा गुन्हेगार आणि गैरसोयीचा टीकाकार यांतला फरक पुराव्यानिशी प्रत्यार्पण मागून, उघड्या न्यायालयात, परक्या न्यायाधीशासमोर सिद्ध करता येतो. आपल्यासारख्या लोकशाही देशाने तोच मार्ग धरावा आणि त्या समितीचा अहवाल जनतेसमोर ठेवावा, अशी माझी अपेक्षा आहे.

यजमान देशाने मान वळवली तर काय होते आणि ताठ ठेवली तर काय होते, याचा पुरावा युरोपातच आहे. १३ जुलै १९८९ रोजी इराणी कुर्दांचे नेते अब्दुल रहमान घासेमलू यांना व्हिएन्नातील एका घरात, इराणी प्रतिनिधींशी वाटाघाटी चालू असतानाच, एक सहकारी आणि एक मध्यस्थ यांच्यासह गोळ्या घालून मारण्यात आले. वाटाघाटींना आलेल्या इराणी मंडळींपैकी एकजण स्वतः जखमी होता. ऑस्ट्रियाने त्याच्यावर उपचार केले आणि पुढे पोलीस संरक्षणात त्याला विमानतळावर नेऊन जाऊ दिले. अटकेची फर्माने निघाली ती काही महिन्यांनी, माणसे निघून गेल्यावर. घासेमलूंच्या जागी सादेक शराफकंदी आले आणि तीनच वर्षांनी, १७ सप्टेंबर १९९२ च्या रात्री, बर्लिनमधील ‘मिकोनोस’ या उपाहारगृहात ते आणि त्यांचे तीन साथीदार जेवणाच्या टेबलाशी मशिनगनच्या गोळ्यांना बळी पडले. त्या काळात जर्मनीचा इराणशी मोठा व्यापार होता आणि प्रकरण फार ताणू नये असे वाटणारे लोक सरकारात होते. परंतु ब्रूनो योस्ट हे अभियोक्ता आणि न्यायाधीश फ्रिटयोफ कुब्श मागे हटले नाहीत. खटला साडेतीन वर्षे चालला, इराणचे परागंदा माजी राष्ट्राध्यक्ष बनीसद्र यांची साक्ष झाली, इराणच्या गुप्तहेर खात्याच्या मंत्र्यावर अटक वॉरंट निघाले. १० एप्रिल १९९७ रोजी न्यायालयाने चौघांना दोषी ठरवताना या हत्येचा हुकूम इराणच्या सर्वोच्च नेतृत्वाकडून आला होता असे निकालपत्रात नमूद केले. युरोपीय देशांनी आपले राजदूत माघारी बोलावले. ते काही महिन्यांत परत गेले हे खरे, आणि त्याबद्दल खेदही वाटतो. तरीही त्या निकालानंतर बरीच वर्षे पश्चिम युरोपातल्या इराणी विरोधकांच्या हत्या थांबल्या. नेदरलँड्समध्ये २०१५ आणि २०१७ साली झालेल्या खुनांमागे इराणचा हात असल्याचे तेथील सरकारने २०१९ मध्ये सांगितले, तेव्हा मधली जरब ओसरल्याचे कळून आले. खटल्याने मेलेली माणसे परत येत नाहीत, पण व्हिएन्नात १९८९ साली कोणी असा खटला चालवला असता, तर शराफकंदी बर्लिनमध्ये मारले गेले असते का, हा प्रश्न ऑस्ट्रियाने आजही स्वतःला विचारावा असा आहे.

आज बंदुकीऐवजी अनेकदा टपाल वापरले जाते. २०२५ च्या सुरुवातीला इंग्लंडमधील मेडनहेड येथे राहणाऱ्या कार्मेन लाऊ या हाँगकाँगच्या माजी जिल्हा सदस्येच्या शेजाऱ्यांना निनावी पत्रे आली. या बाईवर इनाम आहे, तिला चिनी वकिलातीत आणून द्या, असे त्यांत लिहिले होते आणि तिचे छायाचित्रही होते. केव्हिन याम यांच्याबद्दलची तशीच पत्रे मेलबर्नमध्ये वाटली गेली. ही पत्रे धाडणाऱ्याला खरोखर कोणी शेजारी तिला पकडून नेईल अशी आशा नसावी. रोज जिन्यात भेटणारी माणसे आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, या विचाराने तिने घर बदलावे, सभांना जाणे सोडावे, गप्प बसावे, एवढाच हेतू. या शहरांत मराठी विद्यार्थी आणि नोकरदार मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यापैकी कोणाच्या दारात असे पत्र पडले, तर ते कचऱ्यात न टाकता किंवा व्हॉट्सॲपवर न फिरवता पोलिसांकडे द्यावे आणि ज्या व्यक्तीबद्दल ते आहे तिला जाऊन सांगावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

ऑस्ट्रेलियाने टेड हुई यांना आणि ब्रिटनने हाँगकाँगच्याच टोनी चुंग या तरुण कार्यकर्त्याला ऑगस्ट २०२५ मध्ये आश्रय दिला आणि हाँगकाँग सरकारचा निषेध मनावर घेतला नाही, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्याआधी जूनमध्ये कॅनडातील कनानास्किस येथे जमलेल्या जी-७ राष्ट्रांच्या नेत्यांनी या गळचेपीविरुद्ध स्वतंत्र निवेदनही काढले. परंतु निवेदनापेक्षा साध्या गोष्टी अधिक उपयोगाच्या आहेत. ज्याचा पासपोर्ट मायदेशाने सूडाने रद्द केला त्याला प्रवासाचा आणि ओळखीचा पर्यायी कागद लवकर मिळावा. रेड नोटीस आली की ती निर्वासिताविरुद्ध तर नाही ना, हे आश्रयाच्या नोंदींशी ताडून पाहणे पोलिसांना बंधनकारक असावे. ठाण्यावर तक्रार घेऊन आलेल्या परागंदा माणसाला ‘शेजाऱ्याचे भांडण’ म्हणून परत पाठवले जाऊ नये. आणि आपल्या भारताने निर्वासितांसाठी सुस्पष्ट कायदा करावा, ज्यात परक्या सरकारच्या आक्षेपावरून व्हिसा रद्द करताना लेखी कारण देणे आणि त्यावर दाद मागण्याची सोय असणे या दोन तरतुदी तरी असाव्यात. महाराष्ट्रातील खासदारांपैकी कोणी असे खासगी विधेयक मांडण्यास पुढे आले, तर त्याच्या मसुद्यासाठी माझ्यासारखे वकिली व्यवसायातले अनेकजण विनामूल्य काम करायला तयार होतील, याची मला खात्री आहे. आपल्या वृत्तपत्राने त्या दिशेने पुढाकार घ्यावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक वाचक, सातारा